सैल

अकलूजच्या बाजारात ती स्वस्त मिळाली,
कारण छातीवर उलटा भोवरा.
दलाल रुमालाखाली बोटं दाबता दाबता म्हणाला,
असली घराला लागत नसते.
धुळानं आणखी एक बोट कमी केलं
आणि टेम्पोत चढवली.
सगुणानं नाव ठेवलं भिंगरी.
भोवरा आहेच अंगावर, तर फिरू दे की, म्हणाली.

जुनी घोडी पौषात गेली होती.
ऐंशी मेंढरं, वाघर, हंडे, कोंबड्यांचं खुराडं,
एवढं बिऱ्हाड माणसाच्या पाठीवर किती दिवस जाणार?
धुळा म्हणाला, तू शिकव. तुला वेळ आहे.

वेळ होता हे खरंच.
सोलापुरात, साखर पेठेत, बावीस वर्षं
चादरीच्या मागावर उभा होतो.
माग विकले गेले, मालक पुण्याला मुलाकडे गेला,
आणि मी सांगोल्याच्या एस्टीत बसलो
उजवा कान तिथंच ठेवून.
डाव्यानं येतं थोडंफार,
भांडण असलं तर जास्त.

भिंगरी उजव्या कानाला हात लावू देत नव्हती.
कुणीतरी पिळला असणार.

आठ दिवस मी काहीच केलं नाही.
कडब्याच्या पेंढीवर बसायचो, तिच्याकडे पाठ करून,
बीडी विझलेली.
नवव्या दिवशी मानेवर गरम श्वास आला.
तरी वळलो नाही.

मग मोहरकी.
धुळा ओढायचा, ती मागं रेटायची,
दोघांचेही पाय फुफाट्यात.
मी म्हटलं, आण इकडं.
धागा तुटायच्या आधी बोटाला कळतं,
तेवढं एक मागानं शिकवलेलं.
कळलं की सोडायचं.
ती एक पाऊल आली. मी आणखी सोडलं.

घोंगडं पाठीवर टाकलं, तिनं पाडलं.
सतरा वेळा. सगुणानं मोजलं,
शाळेच्या वहीत उभ्या रेघा मारून.
अठराव्या वेळी राहिलं, तर तीच घाबरली,
आणि दिवसभर अंगावर घोंगडं घेऊन
बाभळीखाली पाहुण्यासारखी उभी राहिली.

रिकामं पोतं. वाळूचं पोतं.
मग खुराडं चढवलं आणि सगळं मुसळ केरात:
तीन कोंबड्या कालव्यापलीकडे,
एक अजून सापडलेली नाही.
वहिनी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.
म्हणजे बोलली असेल, उजवीकडून.

माघात खांड मंगळवेढ्याकडे निघालं, ज्वारीच्या रानांत बसायला.
तिसऱ्या मुक्कामाआधीच, वाटेत,
एक मेंढी व्याली. ऊन उतरलेलं,
कोकरू ओलं, पायांत दम नाही,
आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी.

सगुणानं विचारलं नाही.
झोळीत घातलं, झोळी भिंगरीच्या बगलेला बांधली.
मी दोरीवर बोट ठेवून उभा.
तिनं मान वळवली, हुंगलं,
नाकपुड्या ओल्या झाल्या,
आणि ती चालू लागली,
आपल्या नेहमीच्या चालीनं नव्हे,
डोक्यावर भरली घागर असावी तशी.

मेंढी मागून धापा टाकत येत होती.
मी पुढं. एकदाच वळून पाहिलं:
तिचा उजवा कान, तोच, मागं फिरलेला,
झोळीकडे.
थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.
कोकरू ओरडत असणार.

पुढून धुळा हात हलवत काहीतरी विचारत होता.
मी दोरी दाखवली त्याला,
जमिनीला टेकलेली.