साठवणीची खोली

सुकुमार मगदूम येतात तेव्हा
त्यांच्या सदऱ्याला अजून हळदीचा वास असतो.
मार्केट यार्डातली तोलाई सोडून सहा वर्षं झाली.
सिटी सर्व्हेचा उतारा टेबलावर ठेवतात, घडीवर झिजलेला,
आणि म्हणतात,
"मागं एक खोली काढायची हाय. बहिणीला."

मी मोजतो. तीन गुंठे, त्यातला काही रस्त्याला गेलेला.
पुढून तीन मीटर सोडा, बाजूनं दीड, मागून दीड.
सोडत सोडत गेलं की उरतं
दहा बाय अकरा.
बांधायचा नियम मुळात सोडण्याचाच आहे,
पंचवीस वर्षं मी हेच सांगतो
आणि लोक विचारतात, मग मिळतं काय?

खोली मिळते. ओटा मिळत नाही.
ओटा आला की चूल आली,
चूल आली की दुसरं बिऱ्हाड,
बिऱ्हाड आलं की पार्किंग, वेगळा आकार, वेगळा दाखला,
आणि फाईल वरच्या मजल्यावर जाते ती
पुरात गच्चीवर अडकलेल्या माणसासारखी
होडीची वाट बघत बसते.

"मग ओटा दाखवू नका की."
सगळेच म्हणतात.
सांगली, मिरज, कुपवाड मिळून
माझ्या हातून चाळीसेक साठवणीच्या खोल्या मंजूर झाल्या,
आणि आत नवी जोडपी आहेत, नर्सिंगच्या पोरी,
रात्रपाळीचा एक कंपाउंडर.
अपवाद मिरजेचा बाबालाल.
त्यानं खरोखर तंबोऱ्याचे भोपळे साठवले
आणि इन्स्पेक्टरला नेमका त्याचाच संशय आला.

पुढच्या मंगळवारी राजमतीआक्का स्वतः आल्या.
इचलकरंजीहून कायमच्या परतल्या. का, ते विचारलं नाही,
अर्जात तसा रकाना नसतो.
खुर्चीच्या कडेला बसून म्हणाल्या,
"मी दिवस मावळायच्या आत जेवते.
भावाकडं नऊला ताटं घेत्यात.
वहिनी काय बोलत न्हाई. माझ्यासाठी कुकर लवकर लावते
आणि झाकण जरा जोरात ठेवते."

मग त्यांनी नकाशा आपल्याकडे फिरवला.
उत्तरेचा बाण खाली गेला.
"ह्यात मी कुठं हाय?"
मी बोट ठेवलं.
साठवण, ३.०० × ३.३५.
त्या हसल्या नाहीत.
"दोन फुटाचा चालंल. पर ओटा काढा."

पाडायचं ते पिवळं, बांधायचं ते लाल,
एवढेच रंग आम्हाला.
विचारलं, एकोणीसला पाणी कुठवर होतं?
खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत, म्हणाल्या,
तर जोतं उचललं.
खिडकी पश्चिमेला काढली, कारण
मागचं ते सोडलेलं दीड मीटर पश्चिमेला येतं,
तिथं कुणालाच काही बांधता येत नाही,
आणि शेवटचं ऊन
तेवढ्या फटीतून आत पडतं.
हे मला नकाशा काढतानाच कळलं.
पंचवीस वर्षांनी.

ओटा लाल शाईत दाखवला.
बिऱ्हाडं: दोन.
मगदूमांनी सही करताना पेन दोनदा झटकलं.

फाईल श्रावणापासून वर आहे.
परवा मोजणीसाठी गेलो, तर मागच्या अंगणात
मी मारून दिलेल्या फक्कीच्या चौकोनात
राजमतीआक्का पाटावर बसून जेवत होत्या.
ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी.
जिथं ओटा येणार तिथं पाण्याचा तांब्या.
आत येताना मी नकळत
दाराच्या जागेवरूनच आलो.
फक्की पुसट झाली की मगदूम पुन्हा टाकतात,
तोलाराच्या हातानं, चिमूट चिमूट,
वजनात फरक पडू नये तशी.

आज वरून कागद आला. त्रुटी क्रमांक चार:
स्वतंत्र ओट्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.
मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतोय,
सूर्यास्त सहा वाजून एक मिनिट.