पुकारा

वाढोण्याच्या बुधवार बाजारात
माझं दुकान एका टेबलाचं.
रिचार्ज, मेमरी कार्ड,
आणि भोंग्यात भरायला आवाज.
पन्नास रुपयांत मी एक मिनिट बोलतो,
कांदेवाल्यासाठी, चादरीवाल्यासाठी,
उंदराच्या औषधासाठी जरा घसा खरवडून.
भाव आधी, माल मागून,
शेवटी 'संपत आला, संपत आला'.
धंद्याचा माझा अभ्यास एवढाच,
आणि तोवर तो चुकला नव्हता.

पंचफुला लोहारीण आली ती
पदराला भात्याची राख घेऊन.
"भाव नोको सांगू," म्हणाली,
"भाव त्याईले मालूम हाय."
मग सांगू काय?
तिनं पोतं उलटं केलं माझ्या टेबलावर,
रिचार्जची वही खाली गेली.
एकेक मूठ उचलून ती ओळखू लागली:
"हे शेलूच्या दुर्पताचं. डावखुरी हाय थे.
हा इळा खापरीच्या यमुनेचा, मूठ नवी टाकली.
हे लीला गवईचं, तिची करंगळी वाकडी,
म्हनून दांडा बारीक."
आणि माझ्याकडे वळून,
"नाव घेजो, गाव घेजो, झालं म्हनजो. बस."

मी मागे ढोलकी टाकली होती.
तिनं काढायला लावली.

त्या बुधवारी बांगड्यांच्या दुकानापाशी
दुर्पताबाई ढोके थांबली,
हातात अर्धी चढलेली बांगडी.
साठीची बाई. भोंग्यातून स्वतःचं नाव
बहुतेक पहिल्यांदा.
ती थांबली, पुन्हा फिरून नाव येईपर्यंत,
मग त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत,
मग खुरपं न्यायला गेली
आणि एक इळाही घेऊन आली,
घरी दोन असताना.

पुढच्या बाजारी तेवीस नावं.
पोळ्यानंतर एक्काहत्तर.
एका मिनिटाची पाच मिनिटं झाली.
बाया लवकर यायला लागल्या,
नाव निघून जाईल म्हणून.
चिवडेवाल्यानं आपली गाडी
गुपचूप तिच्या पोत्याशेजारी आणली.

मग अकोल्याहून छोटा हत्ती आला,
त्यावर बैलगाडीएवढा फ्लेक्स,
पोलादी खुरपी, दोनवर एक फुकट.
तोही माझ्याच टेबलाशी.
"भाऊ, आमचीबी नावं टाकून दे तशी."
मी पेन उघडलं. "सांगा."
तो बघत राहिला माझ्याकडे.
एकही नाव नव्हतं त्याच्याकडे.
शेवटी 'संपत आला' भरून दिलं,
गाडी भरलेली होती तरी.

हे सगळं मला कळत होतं,
दुसऱ्याच्या धंद्याचं कळतं तसं.

मागच्या मंगळवारी रात्री
न्हाणीकडून खर्रर खर्रर.
बॅटरी मारली तर आई.
दिवाळीत घेतलेलं, धार न गेलेलं खुरपं
धुण्याच्या दगडावर घासत होती
उलटं.
"काय करतेस?"
"काई नाई. बोथट झालं."

हा बुधवार. पंचफुला नावं सांगत होती,
मी लिहून घेत होतो.
एकोणचाळिसाव्यावर ती म्हणाली,
"मथुरा वानखडे. वाढोणा."
पेन थांबलं.
राजूची माय. वानखड्याची सून.
रेशनकार्डावर वाचलं असेल कधी,
तोंडानं घेतलं नव्हतं मी ते.
म्हटलं, "मावशी, हे राहू द्या,
मीच नेतो की घरी."
तिनं खुरपं आपल्याकडे ओढलं.
"हात नोको लावू.
गिऱ्हाईक हाय थे माह्यं."

यादी वाचत गेलो. तिथं आल्यावर
पहिल्यांदा उंदराच्या औषधाचा आवाज लागला.
पुसलं.
दुसऱ्यांदा चादरीवाल्याचा.
पलीकडे, कोथिंबिरीच्या ढिगाशी,
पिशवी न उघडता ती केव्हाची उभी होती,
दुसरीकडेच बघत.
पाणी प्यालो.
पुन्हा लाल बटण दाबलं.