मापात

स्पर्धेच्या सकाळी सात वाजता
लिएपायाच्या किनाऱ्यावर अकरा अंश असतात
आणि वारा कुणी मोजत नाही.
माझं काम तंबूत.
हातात फीत, समोर तक्ता,
तक्त्यात नाव, क्रमांक आणि शेवटचा रकाना :
कमरेच्या बाजूची पट्टी, सात सेंटीमीटरच्या आत.
जास्त चालत नाही. कमी चालतं.
कमी नेहमीच चालतं.

मुली येतात, टॉवेल बाजूला करतात,
छताकडे बघत राहतात
दातांच्या डॉक्टरकडे बघावं तसं.
मांड्यांवर काटा.
मी म्हणते, हात गार आहेत माझे, माफ कर.
माझे हात गार नसतात.

शेजारी पुरुषांचा तंबू.
बनियन आहे? आहे. चड्डी आहे? आहे.
जा.
तिथला अरविड्स कॉफी पीत शब्दकोडं सोडवतो.
त्याला फीत दिलेलीच नाही.

मीही खेळले आहे. नऊ मोसम, जाळीपाशी.
जोडीदारणीच्या सर्व्हिसआधी
हात पाठीमागे न्यायचा, बोटांनी सांगायचं :
एक बोट, सरळ फटका अडवते.
दोन, तिरका.
मूठ, काहीच नाही, मी मागे येते.
एवढीच आमची भाषा, पाठीवरची,
समोरच्यांना न दिसणारी.
एकदा पेपरात फोटो आला माझा, तसाच, पाठमोरा.
बोटं कातरली होती.
उरलेलं चार रकाने भरून.

आईनं तो अंक शेगडीत घातला.
मी दुसरा विकत आणला.
त्या हिवाळ्यात काळा पाव सोडला, बटाटे सोडले,
आरशाकडे पाठ करून बघायला शिकले
मान आखडेपर्यंत.
त्या वर्षी किती सामने जिंकलो, आठवत नाही.
वजन आठवतं, दशांशासकट.

आज अग्रिता आलीय.
बाळंत होऊन चौदा महिने.
पोटावर रुपेरी रेघा.
कुणी कौतुकानं त्यांना लाटा म्हणालं होतं,
ती म्हणते, रेघा आहेत, रेघाच म्हणा.
चड्डी तिनं स्वतः शिवलीय,
पट्टी रुंद, नजरेलाच कळावी अशी.
बाहेर लिएस्मा उड्या मारतेय, ऊब यावी म्हणून.
‘ही घातली की मी चेंडू बघते,’ अग्रिता सांगते,
‘ती घातली की कापड.
वाळूत पडल्यावर पहिला हात कुठे जातो,
तुम्हाला माहितेय.’

माहितेय.

मी फीत लावते.
ही स्पर्धेची नाही, आईची.
कोटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
तिनं हिच्यावर गावाचे खांदे, छात्या, कंबरा घेतल्या.
माप घ्यावं, म्हणायची, मापं काढू नयेत.
ताणून ताणून फीत सैल पडलीय.
आठाला सात म्हणते.
सहा वर्षं माहीत आहे मला.
पेटीत संघटनेच्या शिक्क्याची नवी आहे, पोलादी.
समुद्राच्या हवेनं गंजेल
म्हणून मी ती बाहेर काढत नाही.

रकान्यात लिहिते : सात.
अग्रिता आकडा बघते, मग फीत,
मग टॉवेलची घडी घालत बसते, उगाच, दोनदा.

एक सेंटीमीटर. नखाएवढं कापड.
याला बंड म्हणाल तर हसू येईल.
रकान्यात बसेल इतकंच खोटं,
आणि पुढच्या मुलीला मी पुन्हा म्हणणारच :
हात गार आहेत माझे.

दहा वाजता त्यांचा सामना.
मी तंबूची दोरी धरून उभी.
फोटोवाला वाळूत पालथा पडलेला, पाठीमागच्या रेषेजवळ.
लिएस्मा सर्व्हिसला.
अग्रिताचा हात मागे जातो
आणि माझा श्वास अडतो : कापड ओढणार.

दोन बोटं.
तिरका.

चेंडू सरळ येतो. गुण गेला.
लिएस्मा काहीतरी कचकचीत बोलते, लोक हसतात,
अग्रिता तोंडातली वाळू थुंकते,
जाळीपाशी येते.
हात मागे.
पुन्हा दोनच.