मोजणी

आमचं गाव आडवं नाही, उभं आहे.
खाली नदी, बाजार, दवाखाना.
वर कॉकेशसच्या कड्यावर मँगनीजची खाण
आणि खाणीची कचेरी, जिथे मी पगाराच्या वह्या लिहिते.
मधे एक दोर,
दोराला लटकलेला आठ माणसांचा पत्र्याचा डबा.

डब्याच्या दाराशी ननुली.
करडा कोट, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली,
आणि ते बोट.
प्रत्येकाच्या खांद्यावर टेकवून मोठ्याने मोजायची,
मग पुन्हा पहिल्यापासून.
गुराम म्हणायचा, चला, मेंढरं झालो.
सगळे हसायचे.
माझा खांदा मात्र बोट लागायच्या आधीच
अंग चोरायचा.

आई गेल्यावर मी कुताइसीला मावशीकडे वाढले.
मावशी साखरेचे खडे मोजून ठेवायची.
रात्री मोजायची, सकाळी मोजायची,
आणि हिशेब जुळला तरी
माझ्याकडे एकदा बघून घ्यायची.
खरं सांगायचं तर एक खडा मी घेतला होता.
जिभेखाली धरून रात्रभर जागी होते,
विरघळू नये म्हणून.

नऊ वर्षं ते बोट सोसलं.
मग अर्ज लिहिला, कचेरीच्याच कागदावर:
'सदर कर्मचारी प्रवाशांना चोरासारखं वागवते.'
माझं अक्षर चांगलं आहे.
महिन्याच्या आत ननुलीची बदली झाली,
खालच्या शेडमध्ये, चाकांना वंगण घालायला.
तिच्या जागी एक पोरगा आला,
कानात गाणी, न बघता दार लावणारा.
किती हलकं वाटलं त्या दिवशी!

ते बोलणं नंतर कानावर पडलं,
भट्टीपाशी, पावाच्या रांगेत.
माझ्याशी कुणी बोलत नव्हतंच.
'त्या धुक्यात खालून सात निघाले होते.
वर सहा पोचले.'
'खालून मोजले कुणी होते?'
'कुणी नाही. तेव्हा कुठे मोजायची ती?'
रांग पुढे सरकली.
मी पाव न घेताच निघाले, असं लिहिलं तर शोभेल.
पण घेतला. गरम होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून उतरताना
डब्यात मी एक नवी ननुली घडवत आले.
सोशिक, डोळे पाणावलेली,
रोज रात्री एका नावापुढे मेणबत्ती लावणारी.
जुनी जितक्या झटक्यात घडवली होती,
तितक्याच झटक्यात.
तिच्यापुढे म्हणायचं वाक्यसुद्धा
दोनदा घोकून ठेवलं.

शेडच्या दारात ती पाठमोरी होती,
कोपरापर्यंत काळी.
'दोरावर पाय पडतोय तुझा,' ती खेकसली.
मी पाय काढला.
वाक्य आठवेना.
ती चाक पुसत राहिली, माझ्याकडे न बघता,
आणि जरा वेळाने म्हणाली,
'आत्ता ज्या डब्यातून आलीस,
त्यात किती जण होते?'

मी आठवू लागले.
पोरगा. गुराम. टोपलीवाली म्हातारी.
खिडकीशी कुणीतरी होतं, लाल मफलर,
का तो कालचा?
वर दोर कुरकुरला, डबा पुन्हा निघाला,
आणि आम्ही दोघी
माना वर करून उभ्या राहिलो.