नाकावर माशी

"मधमाशीच्या डंखाचं कधी वावडं?"
फॉर्मवरची मान न उचलता डॉक्टर आर्पिने विचारते.
मी हसते. हसलं की नाक हल्ली दोन्हीकडे पसरतं,
म्हणून लगेच आवरतं घेते.

वावडं कसलं. वार्देनिसला आमच्या
चाळीस पेट्या होत्या, निळ्या.
नवव्या वर्षी एक माशी बरोबर इथेच डसली,
दोन डोळ्यांच्या मध्ये.
तीन दिवस गेगाम मला
पिठाचा गोळा म्हणून हाक मारत होता.

"मग चालेल," ती म्हणते. "तरी आधी हातावर बघू.
या सुईतलं विकर माशीच्या विषातही असतं.
पुढच्या विषाला वाट करून देतं ते."

मनगटाच्या वर एक फुगवटा, मसुराएवढा.
वीस मिनिटं थांबायचं.
खिडकीबाहेर येरेवानचा डिसेंबर,
ट्रॉलीबसची दांडी तारेवरून निसटलेली,
ड्रायव्हर मागच्या शिडीवर चढून
ती पुन्हा तारेला लावतोय. दोनदा चुकतो.

तेव्हाही वीसच मिनिटं लागली होती.
चुलतबहिणीच्या लग्नाआधी, केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत,
झाबेल नावाची बाई, हात हलका,
गप्पा मारता मारता
पापांच्या उंचवट्याच्या वर थोडं, खाली थोडं.
डोंगर कुणी कापला नव्हता,
फक्त दऱ्या बुजवल्या.
लग्नाच्या फोटोत मी अगदी नाकासमोर बघते आहे.

सहा महिन्यांत आपोआप विरेल, म्हणाली होती.
विरलं नाही. सरकलं.
चष्मा बसेना, बसला तर दोन खळगे सोडून जाई
आणि ते दुपारपर्यंत भरत नसत.
उशीवर एका कुशीला झोपले तर सकाळी वाटे,
रात्रभर कुणीतरी मला हलकेच थापलंय.

पापांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं
आणि म्हणाले, "सर्दी झालीय का?"
मी हो म्हटलं.
दोन वर्षं मला सर्दीच आहे.
गावाहून येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर एक बरणी येते,
काढ्यात घालून घे, असा निरोप.
फडताळात अकरा बरण्या आहेत. मी मोजल्यात.

मसूर तसाच आहे, लालसर, शहाणा.
"चला," आर्पिने म्हणते.

आग होते. चांगलीच होते.
ती अंगठ्याने दाबत राहते, जसं कुणी
बर्फ धरलेल्या नळातून पाणी येतंय का बघावं.
"माझं स्वतःचंही विरघळेल का यात?"
"थोडंफार. ते तुझं तू पुन्हा तयार करशील."
पुढे काही बोलत नाही. सुई बदलते.

डोळे मिटले की पापा दिसतात, जाळी वर सारलेले.
लोक नाकावर माशी बसू देत नाहीत.
पापा देत.
एखादी शेंड्यापासून चढायला लागे,
उंचवट्यावर जाऊन थांबे,
घाट चढून आलेल्या बाईसारखी पाय पुशी,
आणि पापा तोवर श्वास धरून, डोळे तिरळे करून
तिच्याकडे बघत उभे.
आम्ही दोघं कुंपणापाशी खिदळत असू.

पहिल्या रात्री सुजून
मी पुन्हा पिठाचा गोळा.
दुसऱ्या रात्री आरशावर टॉवेल टाकला.
तिसऱ्या सकाळी अंधारातच बोट फिरवलं,
कपाळाकडून खाली, सावकाश,
आणि ते अडलं.
हो, तोच. अगदी तोच नाही.
डाव्या बाजूला एक बारीक खळी राहिलीय,
कातडी जरा सैल, जत्रेहून आल्यावर
अंगातून काढून ठेवलेल्या सदऱ्यासारखी.
असू दे. चष्मा बसला.

रविवारी पापांनी फोन
नेहमीसारखा कपाळाला टेकेल इतका जवळ धरला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला फक्त त्यांचं नाक दिसत होतं,
पडदाभर.

"सर्दी गेली?"
"गेली, पापा."
"मधाने जाते. संपला असेल ना?"

मी फडताळाकडे पाठ केली.
"संपत आलाय," म्हटलं. "पाठवा."