डी चोवीस

राजारामपुरी, सातवी गल्ली, दवाखान्यामागची खोली.
माझं काम आजाराला आकडा देणं.

सुगंधा मगदूम, वय चौतीस, हुपरी.
धंद्याच्या रकान्यात: घुंगरांना डाग देणे.
पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं एन त्रेसष्ट,
म्हणजे गाठ आहे, कसली ते ठाऊक नाही.
अकरा दिवस बाई त्या आकड्यात राहिली.

आज रिपोर्ट आला. फायब्रोअ‍ॅडिनोमा. साधी गाठ.
सी पन्नास नव्हे, डी चोवीस.
कीबोर्डवर सीच्या डोक्यावरच डी बसलाय,
बोट सावकाश नेलं.

पण विम्याच्या फॉर्मला बाजू लागते
आणि कागदावर बाजू नाही.
फोन लावला.
पलीकडं परातीत घुंगरं ओतल्याचा आवाज, मग
"पदराकडची वो, ताई.
अन् साधी म्हंजे... साधीच न्हवं?"

ते सांगायचा अधिकार मला नाही.
म्हटलं, डॉक्टर चारला येतात.
आणि फोन ठेवता ठेवता
तोंडातून निघूनच गेलं,
पैंजण कितीला पडतील?

थोडा वेळ काहीच नाही.
मग हसली. भाव सांगितला.

जास्तच सांगितला.