शिरोरेखा

लग्नाच्या वहीत आईनं पहिल्याच पानावर लिहिलंय
श्री,
आणि त्याखाली: पत्रिका छापायच्या नाहीत.

रावपुऱ्यातला छापखानेवाला एका पत्रिकेचे पंचावन्न सांगत होता,
वर सोनेरी गणपती, आत अत्तराचा कागद.
बाबांनी तो नमुना खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला,
म्हणाले, अक्षरांतलं अंतर चुकलंय.

मग मीच म्हटलं, तुम्ही लिहा.

एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात
आजव्याहून शहरात येणारे नळ
बाबांनी कागदावर आणले.
दांडिया बाजाराखाली कुठली लाइन कुठे वळते
हे विचारायला अजून फोन येतो.
आता उजवा हात थरथरतो.
चहा घेताना आधी बशी बोलते, मग बाबा.

एकशे चाळीस पत्रिका. ऐंशी मराठीत, साठ गुजरातीत,
कारण जिगरच्या आईला कंकोत्री आपल्या लिपीत हवी.
मंजुलाबेननी आमच्याकडे मागितलेली
एवढी एकच गोष्ट.

बाकीचं चालू आहे.
मांडव म्हणजे सोसायटीचं पार्किंग,
चेअरमन एका रविवारपुरती स्कूटर हलवायला तयार झालेत.
श्रीखंडाचा चक्का दर्शनाबेनच्या गच्चीवर टांगायचा.
मावशी तुटलेल्या माळांचे मोती ओवून मुंडावळ्या करतेय
आणि एकेका मोत्याची हकीकत सांगतेय, म्हणून वेळ लागतोय.
अंतरपाटावरचं स्वस्तिक जिगर स्वतः भरतोय,
साखळी टाका मोबाइलवर बघून.
एक भुजा उलटी वळली.
आई म्हणाली, राहू दे,
उसवलं की भोकं दिसतात.

बाबांच्या पहिल्या सहा पत्रिका टोपलीत गेल्या.
अक्षरं बरी होती,
वरची रेघ मात्र ताप आल्यासारखी.
सातवीला हात न लावता ते उठले,
माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड उतरवला, टी-स्क्वेअर पुसला,
आणि दोन रात्री नुसत्या रेघा मारल्या.
ऐंशी कागद, शब्द एकही नाही,
नुसत्या सरळ काळ्या रेघा.
आई दारातून बघून गेली, बोलली नाही.

तिसऱ्या रात्री रेघांखाली अक्षरं टांगायला घेतली,
दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.
दोरी ताठ,
आणि कपडे हलताहेत जरासे,
वारा असल्यासारखे.
चि. सौ. कां. हलतंय, शुभमुहूर्त हलतोय,
आमचे येथे श्रीकृपेकरून हलतंय.
मला तर छापलेल्यापेक्षा हेच खरं वाटलं,
पण ते मी सांगितलं नाही,
त्यांनी लगेच पट्टी लावून तपासलं असतं.

गुजरातीला बसले तेव्हा
टी-स्क्वेअर हातात तसाच राहिला.
हिच्या डोक्यावर तर काहीच नाही, म्हणाले.
जन्म बडोद्यात गेला,
दुकानांच्या पाट्या, लाइट बिलं, बसचे नंबर
रोज वाचले,
पण धरायचं कशाला हा प्रश्न आता पडला.

मग पेन्सिलनं खाली एक फिकी रेघ मारली,
तिच्यावर अक्षरं उभी केली,
शाई वाळेपर्यंत थांबले,
आणि रेघ खोडून टाकली.
साठ वेळा.

शेवटच्या रात्री मला हाक मारली.
दोन पत्रिका शेजारी ठेवल्या होत्या, एक आपली, एक त्यांची,
आणि दोन्हींवर माझं नाव.
मानिनी.
बघ, म्हणाले, तुझं एकही अक्षर बदलावं लागलं नाही.
म, न, वेलांट्या, काना, सगळं तेच.
फक्त वरची रेघ काढली.

मी बघत राहिले.
खालचीही काढलीत की, म्हटलं.
ती पुसायचीच होती,
म्हणाले, आणि फुंकर मारून
रबराचा चुरा उडवला,
तो थेट माझ्या ओटीत.

आईनं वहीत लिहिलं:
शाई, दोन बाटल्या.
खोडरबर, एक. संपला.